करावे पाणथळ क्षेत्र

करावे पाणथळ क्षेत्र हे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील नवी मुंबई शहरात, ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर करावे व नेरूळ या मूळ गावांच्या खाडीकडील बाजूस पसरलेले कांदळवन, चिखलपट्टे आणि उथळ खाऱ्या तळ्यांचे क्षेत्र आहे. पाम बीच मार्ग आणि खाडी यांच्या दरम्यानच्या या पट्ट्यात टी. एस. चाणक्य पाणथळ, एनआरआय पाणथळ (स्थानिक नाव तलावे) आणि दक्षिणेकडील डीपीएस तलाव अशी तीन प्रमुख पाणथळे मोडतात. ही प्रचलित नावे शेजारच्या सागरी प्रशिक्षण संस्थेवरून, निवासी संकुलावरून व शाळेवरून पडलेली आहेत. हिवाळ्यात व उन्हाळ्यात येथे उतरणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्यांमुळे हे क्षेत्र परिचित आहे. येथील कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे. कांदळवनाला लागून असलेल्या उघड्या पाण्याचे संरक्षण मात्र दीर्घकाळ वादाचा विषय राहिले आहे.

भौगोलिक स्थान

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब असून ती मुंबई बेट व साष्टीला मुख्य भूमीपासून वेगळे करते. तिचे उत्तर टोक ठाणे शहराजवळ एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेले आहे. दक्षिणेस ती रुंद होत मुंबई बंदरात मिळते. उल्हासचे बहुतेक पाणी वसईच्या खाडीतून समुद्रास जाते. त्यामुळे पावसाळा सोडल्यास ठाणे खाडीत गोडे पाणी थोडेच येते आणि तिचे सारे चलनवलन भरती-ओहोटीवर चालते. करावे हे या खाडीच्या रुंद भागात, वाशीच्या पुलांच्या दक्षिणेस आहे. याच्याही दक्षिणेस गाढी नदीचे पाणी घेऊन येणारी पनवेल खाडी मिळते. दोन खाड्यांचा गाळ या परिसरात साचतो आणि ओहोटीच्या वेळी किनाऱ्यालगत विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. उधाणाच्या दिवसांत भरती व ओहोटी यांच्या पातळीतील फरक पाच मीटरपर्यंत जातो, तर भांगाच्या दिवसांत तो पुष्कळच कमी असतो. भरतीची वेळ काढण्याची येथील कोळ्यांची रीत सोपी आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. खाडीत आत जावे तसा थोडा उशीर धरावा लागतो. पुढे येणारे पक्ष्यांचे वेळापत्रक याच हिशेबाशी बांधलेले आहे, त्यामुळे पक्षी पाहण्यास येणाऱ्यांनाही घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते.

निर्मिती आणि इतिहास

या किनाऱ्यावरील पाणथळे पूर्णतः निसर्गनिर्मितही नाहीत आणि पूर्णतः मानवनिर्मितही नाहीत. ठाणे व पनवेल खाडीच्या काठी आगरी आणि कोळी समाजाची जुनी वस्ती आहे. आगरी लोकांनी पिढ्यानपिढ्या खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून खाजण जमिनी लागवडीखाली आणल्या. बांधाच्या आत भातशेती होई, बाहेरच्या सखल भागात मिठागरे असत. बांधात बसवलेल्या उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडले जाई आणि भरतीचे खारे पाणी अडवले जाई. हे बांध दरवर्षी गावकी मिळून दुरुस्त करी. बांध फुटल्यास शेत खारावून जाई आणि पुन्हा गोडे व्हायला काही पावसाळे लागत.

१७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले आणि तत्कालीन ठाणे व कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे काम सुरू झाले. करावे हे त्यांपैकी एक. अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध प्रकल्पग्रस्तांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दिलेल्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना याच लढ्याचे फलित होय. जमीन संपादित झाली की शेती थांबते, शेती थांबली की बांधाची डागडुजी थांबते. नव्या शहराच्या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी असेच घडले: बांध खचले, भरतीचे पाणी पुन्हा आत शिरू लागले, जेथे ते खेळते राहिले तेथे तिवरे उगवली आणि जेथे ते साचून राहिले तेथे उथळ तळी तयार झाली. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. जहाजावरील प्रशिक्षणाची परंपरा असलेली टी. एस. चाणक्य ही संस्था १९९३ मध्ये करावे येथे किनाऱ्यावर आली आणि तिच्यामागच्या तळ्याला तिचे नाव चिकटले.

नव्या शहराचा मोठा भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्यामुळे पावसाचे पाणी खाडीत सोडण्यापूर्वी साठवण्यासाठी धारण तलाव बांधण्यात आले. त्यांची दारे ओहोटीला उघडतात व भरतीच्या दाबाने मिटतात. ही जुन्या उघाडीचीच मोठी आवृत्ती होय. पुढे या तलावांतही गाळ साचून कांदळवन वाढले आणि गाळ काढावा की तिवरे राखावीत, हा पेच महापालिकेपुढे उभा राहिला.

वनस्पती

येथील कांदळवनात तिवर, म्हणजे ॲव्हिसेनिया मरिना, हा वृक्ष बहुसंख्य आहे. खारटपणा, सांडपाणी आणि ऑक्सिजनविरहित चिखल या तिन्हींना तो इतर कांदळांपेक्षा चांगला तोंड देतो. शहरालगतच्या खाड्यांत त्याचे राज्य असण्याचे कारण हेच. त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी उभी वर येतात. पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकले जाते आणि कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवले तर ते हाताला लागते. तिवराचे फळ झाडावरच अंकुरते, त्यामुळे चिखलात पडलेले बीज पुढच्या भरतीने वाहून जाण्यापूर्वी रुजण्याची शक्यता वाढते.

तिवराखेरीज चिप्पी, मारांडी, काजळा आणि गेवा या जाती ठाणे खाडीच्या परिसरात आढळतात. गेव्याचा चीक डोळ्यांस घातक असल्याने लाकूडतोडे त्याच्या वाटेला जात नसत. जमिनीकडील उंच व कोरड्या भागात मेसवाक दिसतो. चिप्पीच्या प्रजातीतील पांढरी चिप्पी हिला महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. असा वृक्ष घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

गेल्या काही दशकांत ठाणे खाडीतील कांदळवनाचे क्षेत्र घटण्याऐवजी अनेक ठिकाणी वाढले आहे, ही बाब वरवर पाहता आनंदाची आहे. खाडीत गाळ साचून ती उथळ होत असल्याने तिवरे चिखलपट्ट्यांवर पुढे सरकत आहेत. परंतु त्याच प्रमाणात पक्ष्यांची चरण्याची उघडी जागा आक्रसते. झाडांची मोजणी हाच संवर्धनाचा एकमेव निकष मानल्यास हा तोटा नजरेआड राहतो.

पक्षी व इतर प्राणी

येथे दोन प्रकारचे रोहित येतात. संख्येने जास्त असलेला छोटा रोहित (अग्निपंख असेही नाव रूढ आहे) गडद लाल चोचीचा व अधिक गुलाबी असतो; मोठा रोहित उंच, पांढुरका आणि टोकाशी काळी असलेली फिकट गुलाबी चोच असलेला असतो. छोटा रोहित आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘संकटसमीप’ गणला गेला आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर, १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले आणि पुढे ते खाडीच्या आतल्या भागांत पसरले. त्यांची वीण प्रामुख्याने गुजरातमधील कच्छच्या रणात होते. हिवाळ्याच्या सुरुवातीस ते येऊ लागतात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

छोटा रोहित चोच उलटी करून पाणी आत घेतो आणि जिभेच्या साहाय्याने ते बाहेर ढकलतो. चोचीतील बारीक जाळीत नील-हरित शेवाळ व डायटम अडकतात, तेच त्याचे खाद्य. मोठा रोहित याशिवाय चिखलातील किडे, लहान कवचधारी प्राणीही खातो. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शेवाळ माजते. रोहितांच्या मोठ्या संख्येमागील एक कारण हे असल्याचे मानले जाते. गुलाबी थवे हे स्वच्छ खाडीचे प्रमाणपत्र नव्हे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलपट्ट्यांवर विखुरलेले असतात. भरती चढू लागली की चिखल पाण्याखाली जातो आणि त्यांना उथळ, मोकळ्या, चहूकडे दृष्टी पोहोचेल अशा जागेची गरज भासते. करावे-नेरूळची तळी नेमकी अशी आहेत. भरतीच्या तासाभरात खाडीवरून एकामागून एक रांगा येऊन येथे उतरतात, एका पायावर उभ्या राहून विश्रांती घेतात, चोच बुडवून थोडे खातात आणि पाणी ओसरले की पुन्हा खाडीवर जातात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षिशास्त्रज्ञांनी अशा जागांना ठाणे खाडीची उपग्रह पाणथळे म्हटले आहे. भांडुप तसेच उरण परिसरातील पांजे, बेलपाडा, भेंडखळ ही त्याच साखळीतील इतर ठिकाणे. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूच्या परिणामांच्या निरीक्षणासाठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या दहा वर्षांच्या प्रकल्पात या संस्थेने २०२२ मध्ये सहा रोहितांना उपग्रह-निगराणीची उपकरणे बसवली. त्यांतील एका पक्ष्याचे नाव ‘नवी मुंबई’ ठेवण्यात आले. या उपकरणांमुळे पक्ष्यांचे खाडी व पाणथळे यांमधील दैनंदिन येणे-जाणे आणि गुजरातकडील स्थलांतर या दोहोंची नोंद मिळू लागली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात तलावे येथील गुलाबी झालेल्या पाण्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली.

रोहितांच्या प्रसिद्धीत इतर पक्षी झाकले जातात. वास्तविक शेकाट्या, उचाट्या, मळगुजा, तुतवार, चिखल्या, कुरव, सुरय, चित्रबलाक, शराटी आणि निरनिराळे बगळे येथे नियमित दिसतात. यांपैकी अनेक जण मध्य आशिया व सायबेरियापासूनचा प्रवास करून येतात. मध्य आशियाई हवाई मार्गावरील थांबा म्हणून ठाणे खाडीचे महत्त्व मुख्यतः या किनारपक्ष्यांमुळे आहे. शासनाच्या नोंदीनुसार ठाणे खाडी परिसरात २०२ जातींचे पक्षी व १८ जातींचे मासे आढळतात. कांदळवनात सोनेरी कोल्ह्याचा वावर असून तो अधूनमधून वस्तीलगतही दिसतो.

मासेमारी

खाडीकाठच्या कोळी व आगरी कुटुंबांचे कांदळवनाशी नाते पक्षिनिरीक्षकांहून जुने आहे. पागेने बोईट धरणे, तिवरांच्या मुळांमधील बिळांतून चिंबोऱ्या काढणे, ओहोटीला चिखलात उतरून निवट्या पकडणे, स्त्रियांनी शिंपल्या व कालवे वेचणे हे येथील पारंपरिक व्यवसाय होत. जिताडा हा खाडीतील सर्वांत मानाचा मासा. कोकण-आगरी पाहुणचारात त्याचे स्थान वेगळे आहे. कोळंबीची व अनेक माशांची पिले कांदळवनाच्या आश्रयाने वाढतात, त्यामुळे वन तुटले की जाळे रिकामे येते, हे मच्छीमारांना सांगावे लागत नाही.

१९६० च्या दशकापासून वाढलेल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सांडपाणी, दोन्ही काठांच्या शहरांचे मैलापाणी, प्लास्टिक आणि पुलांच्या बांधकामांनी बदललेला प्रवाह यांमुळे खाडीतील मासळी घटली आहे. वाशी येथे पहिला रस्तेपूल १९७३ मध्ये आणि दुसरा १९९७ मध्ये सुरू झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. खाडीसंबंधी निर्णय घेताना मच्छीमारांना बहुधा नुकसानभरपाईच्या रांगेत उभे केले जाते. भरतीची वाट कोठे बुजली आहे, हे त्यांना सर्वांआधी कळते, पण हे ज्ञान नियोजनात क्वचितच वापरले जाते.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले. त्याचे क्षेत्र १,६९०.५ हेक्टर असून त्यात सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन व सुमारे ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य. २०२१ मध्ये त्याभोवतीचे सुमारे ४८ चौरस किलोमीटरचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाल्याचे जाहीर करण्यात आले. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे महाराष्ट्रातील तिसरे रामसर स्थळ असून त्याचे क्षेत्र ६,५२१ हेक्टर आहे. अभयारण्य ऐरोली पूल ते वाशी पूल या दरम्यान, खाडीच्या पश्चिम काठाने आहे. करावे-नेरूळची पाणथळे वाशी पुलाच्या दक्षिणेस, पूर्व काठावर असल्याने अभयारण्याच्या सीमेत येत नाहीत. पक्षी ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडतात.

कांदळवनाचे संरक्षण मुख्यतः दोन आधारांवर उभे आहे. पहिला आधार किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांचा (१९९१, २०११ व २०१९), ज्यांत कांदळवन सर्वाधिक संवेदनशील प्रवर्गात मोडते. दुसरा आधार मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांचा. कांदळवनाच्या तोडीविरुद्धच्या जनहित याचिकेत न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर तोडीस व भरावास मनाई करणारा अंतरिम आदेश दिला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनाचा नाश हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्कावर आघात ठरतो, असे म्हटले आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास मज्जाव केला. शासकीय जमिनीवरील कांदळवने वन विभागाकडे सोपवण्याचे निर्देश दिले गेले. या वनांच्या देखरेखीसाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला आहे. ऐरोली येथे त्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे.

झाडाला मिळालेले हे संरक्षण झाडे नसलेल्या पाण्याला आपोआप लागू होत नाही. रोहितांना मात्र झाडे नसलेले पाणीच हवे असते. पाणथळे (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, २०१७ यांच्या व्याख्येतून मीठ उत्पादन, मत्स्यपालन, सिंचन आदी कारणांसाठी बांधलेली मानवनिर्मित जलक्षेत्रे वगळली आहेत. बांध, मिठागरे व धारण तलाव यांचा इतिहास असलेल्या किनाऱ्यावर एखादे तळे नैसर्गिक की मानवनिर्मित, यावरून वाद घालण्यास त्यामुळे पुरेशी जागा राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय पाणथळ नोंदीतील २.२५ हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळांना संरक्षण देण्याचे निर्देश दिले. त्यानंतरही प्रत्येक तळ्याची स्थानिक पडताळणी व अधिसूचना हे काम मंद गतीने चालले आहे.

नेरूळ येथील पाणथळांवर गोल्फ मैदान व निवासी प्रकल्प उभारण्याच्या योजनेविरुद्ध रहिवाशांनी केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१८ रोजी निर्णय दिला आणि त्यासाठी केलेला जमीन-वापरातील बदल रद्द ठरवला. या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. महापालिकेच्या विकास आराखड्यात या जागा पाणथळ म्हणून दाखवाव्यात की बांधकामयोग्य म्हणून, यावरूनही वाद झाला. नागरिकांनी पाम बीच मार्गाच्या परिसरात मानवी साखळ्या करून निदर्शने केली. नवी मुंबईने स्वतःस ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेत चौकाचौकांत रोहितांची शिल्पे उभारली, त्याच काळात हा वाद चालू होता.

डीपीएस तलाव आणि २०२४ मधील घटना

नेरूळच्या दक्षिण टोकास सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव आहे. त्याचे जीवन खाडीतून येणाऱ्या भरतीच्या पाण्यावर अवलंबून असते. २०२४ च्या आरंभी नेरूळ जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मोठ्या फलकावर आदळून काही रोहित मरण पावले. त्यानंतर तो फलक हटवण्यात आला. एप्रिल व मे महिन्यांत तलाव मोठ्या प्रमाणात कोरडा पडला आणि परिसरात आणखी रोहित मृत व जखमी अवस्थेत सापडले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्यामुळे तलाव सुकल्याची तक्रार पर्यावरणप्रेमींनी केली. विश्रांतीची जागा नाहीशी झाल्याने पक्षी रस्त्यांवर व वस्तीत भरकटत असल्याचे त्यांचे म्हणणे होते.

२० मे २०२४ च्या रात्री मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची घाटकोपरजवळ रोहितांच्या थव्याशी धडक झाली. सुमारे चाळीस पक्षी मृत्युमुखी पडले. विमान सुखरूप उतरले. या घटनेने पाणथळांच्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. विमानतळांच्या जवळ पक्ष्यांना आकर्षित करणारी जलक्षेत्रे नसावीत, असा एक युक्तिवाद पुढे आला. पक्षितज्ज्ञांचे मत याउलट होते: ठरलेल्या जागा शाबूत असतील तर थव्यांचे मार्गही ठरलेले राहतात, जागा हिरावल्या तर थवे अनपेक्षित दिशांनी उडू लागतात. पनवेल खाडीच्या पलीकडे उभ्या राहिलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाल्याने हा मुद्दा आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

पाण्याचे मार्ग मोकळे करून तलावात पुन्हा भरतीचे पाणी खेळवण्याची मागणी लावून धरण्यात आली आणि शासनाने नेमलेल्या समितीने या स्थळाची पाहणी केली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला फ्लेमिंगो संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये पुढे समाविष्ट झालेल्या ३६-अ कलमानुसार शासकीय मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून असे क्षेत्र घोषित करता येते. अभयारण्याच्या तुलनेत त्यात निर्बंध कमी असतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीच्या किंवा स्थानिक प्रतिनिधींना स्थान असते. टी. एस. चाणक्य व एनआरआय ही दोन पाणथळे या निर्णयाच्या कक्षेत येत नाहीत.

पक्षिनिरीक्षण

रोहित पाहण्यास डिसेंबर ते मे हा काळ योग्य असून एप्रिल-मे मध्ये त्यांचा रंग सर्वांत गडद असतो. करावे-नेरूळच्या पाणथळांवर ते पूर्ण भरतीच्या एक-दोन तास आधीपासून जमू लागतात. चतुर्थी-पंचमी किंवा दशमी-एकादशीच्या सुमारास भरती सकाळी अथवा सायंकाळी सोयीच्या उजेडात येते. ओहोटीला तळ्यांवर गेल्यास बहुधा शेकाट्या व बगळेच भेटतात. खाडीतील चिखलपट्ट्यांवरचे थवे पाहण्यासाठी ऐरोली येथून वन विभागाच्या नौका सुटतात आणि त्यांच्या वेळाही भरतीप्रमाणे रोज बदलतात.